एकाच पॅनमधलं चिकन

४ मार्च, संध्याकाळी ७
बायकोच्या बोटांचे सांधे वर्षभर सुजतायत. आज डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ऑटोइम्यून. म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं. गोळ्या चालू राहतील. शिवाय डाएटिशियन बाईंनी सहा आठवड्यांचं डाएट दिलं. टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, दूध, अंडी, धान्यं, डाळी, जिरं, मोहरी, सगळं बंद. खाली एक रेसिपी आहे. चिकन, रताळं, गाजर, कांदा, लसूण, आलं, हळद, मीठ. सगळं एकाच पॅनमध्ये, झाकण ठेवून चाळीस मिनिटं. नऊ ओळी.
मी लगेच जाहीर केलं, उद्यापासून स्वयंपाक माझ्याकडे. एकोणीस वर्षं वॉशिंग मशीनची मॅन्युअलं लिहितोय. नऊ ओळी म्हणजे डाव्या हातचा मळ.

५ मार्च
रेसिपी फारच ढिसाळ लिहिली होती. नीट लिहून काढली. चार पानं, तीन आकृत्या. यात संध्याकाळ गेली. बायकोने उकडलेलं रताळं खाल्लं. असू दे. पाया पक्का हवा.

६ मार्च
चिकनच्या दुकानापर्यंत गेलो. ओला वास, ओली फरशी, ओला ठोकळा. ठोकळ्यावर पिसं चिकटलेली. समोरच्या फुटपाथवर पंधरा मिनिटं उभा राहिलो. दुकानदाराने तिथूनच विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, मी एकाची वाट बघतोय.
गाजरं घेऊन आलो. उत्तम मिळाली.

७ मार्च
चिकन आणलं. पिशवी चिमटीत, हात शरीरापासून लांब धरून. तळाशी गुलाबी पाणी साचलं होतं, ते चालताना डुचमळत होतं. शी.
बायकोचे केस रंगवायचे हातमोजे घालून एक तुकडा उचलला. गार. बुळबुळीत. कातडीखाली पिवळी चरबी, आणि ती हलते. वर एक तुटकं पीस चिकटलेलं, कोणीतरी माझ्यासाठी मुद्दाम ठेवल्यासारखं. सगळं फ्रीजमध्ये ढकललं, हात अकरा वेळा धुतले. किळस वगैरे काही नाही. मांस थोडं मुरलेलं बरं.

८ मार्च, रात्री ९
केलं. चिमट्याने, मान वळवून. गॅस मोठा ठेवला, म्हणजे चाळीसची वीस मिनिटं होतील. बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. रताळ्याचा चिखल. बायकोने काट्याने टोचून बघितलं आणि म्हणाली, अजून जिवंत असेल. म्हणजे ताजं होतं, हे तिलाही पटलं. तिने गाजरं तेवढी वेचून खाल्ली. गाजरं तिला मनापासून आवडतात.

१० मार्च
आज डोकं चालवलं. ऑफिसजवळच्या हॉटेलातून भाजलेलं चिकन आणलं आणि ती घरी यायच्या आत नळाखाली मसाला धुऊन काढला. सिंकमध्ये लाल तवंग. तुकडे गटारातून वाहून आल्यासारखे दिसत होते. वर हळद, शेजारी वाफवलेली गाजरं आणि रताळं.
तिने दोनदा घेतलं. म्हणाली, आज जमलं हं तुम्हाला. मी म्हटलं, प्रॅक्टिस. चिकन धुतलेलं होतं, म्हणजे डाएटमध्ये बसतं.

१२ मार्च
सकाळी तिला ब्लाउजची हुकं लागेनात. बोटं सुजून लाल. हुकं मी लावली, एक चुकलं. तिने डाएटिशियन बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, कशामुळे ते असं लगेच सांगता येत नाही, पण नवीन काय खाल्लं ते आठवा. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, गाजरं असतील.

१३ मार्च
बाईंनी गाजरं बंद केली. बायकोने फ्रीजमधली सगळी काढली आणि शेजारच्या वहिनींना देऊन आली. मग टेबलाशी बसून रताळं आणि कांदा खाल्ला. पाठ माझ्याकडे.
मला जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१४ मार्च
सांगून टाकलं. ती ओरडली नाही. कुठलं हॉटेल, एवढंच विचारलं. मग म्हणाली, कच्च्या मांसाची तुम्हाला शिसारी येते, मला लग्नापासून माहीत आहे. मी चिकन धुवायला घेतलं की तुम्हाला बाल्कनीत काम निघतं.
मी म्हटलं, शिसारी नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुमच्या तत्त्वाने माझी गाजरं गेली.
बाईंना फोन मीच केला. त्यांनी फक्त तारीख विचारून लिहून घेतली. गाजरं परत चालू. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मार्च, रात्री ८
आज तिने केलं, स्टुलावर बसून. बोटांनी चिकन धरता येत नाही, म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये धरून पॅनमध्ये सोडलं. मी बघितलं. बाल्कनीत गेलो नाही. तिथेच उभा राहिलो.
म्हणाली, स्वयंपाक मला येतो. लसूण सोलता येत नाही आणि भरलेला पॅन उचलता येत नाही. एवढंच तुमच्याकडून हवं होतं, पण तुम्ही विचारलंत कुठे.
पॅन दोनदा उचलला. चाळीस मिनिटांत झालं. चांगलं झालं होतं, हे लिहायला हरकत नाही.
लसणाच्या आठ पाकळ्या सोलल्या. तीन तिने परत दिल्या. सालं राहिली होती.