तळ दाखवणारं मशीन

बाबा, धाकट्याने छोटी फायबरची होडी घेतली आणि मासा शोधायचं मशीन निवडायला मला बोलावून घेतलं. मी कुठे होतो विचारशील, तर वेरावळला. त्याआधी मुरुडला, मध्ये चार महिने कंटेनरच्या ट्रेलरवर क्लीनर. कुठे टिकलो नाही. धाकट्याला वाटतं, इतक्यांच्या होड्यांवर राबलो म्हणजे मशीनमधलं कळत असणार. उरणच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साध्या सोनार मशीनवर मासा कमानीसारखा दिसतो. डाऊन इमेजिंगवाल्यात होडीखालचा फोटोच येतो बघा, दगड, खांब, सगळं." धाकटा म्हणाला, "साधंच द्या. आम्हाला मासा धरायचाय, फोटो काय भिंतीवर लावू?" दुकानदार हसला. मला हसू आलं नाही, कारण वाटेतच धाकटा बोलला होता, "दादा, पयलं जालं बाबाच्या जागेवर टाकू. घोल मासा हाय तिथं, तूच आयकलंस ना तवा." मी म्हटलं, तिथे जाळं अडकलं होतं. तो म्हणाला, "एखादा ओंडका असल. नऊ वर्सांत गेला असल वाहून."

इंजिनापायी तुझे कान गेले होते, म्हणून त्या सकाळी वल्हं माझ्याकडे होतं. पातं पाण्यात, दांडा कानाला. खाली घोळ मासा असला की बेडकासारखा घोगरा आवाज लाकडातून वर येतो. लहानपणापासून शिकवलंस, आणि चुकलो की म्हणायचास, "कान हायेत का नुसती भोकं?" पहिल्यांदा मला खरंच ऐकू आलं, त्या दिवशी तू आपल्या ताटातलं घोळीचं डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलंस. आई म्हणाली, "आज सूर्य कुठं उगवला म्हनायचा?" तिने कोकम जास्त घातलं होतं, दात आंबले होते. मी भरकटतोय. त्या सकाळी मी एकोणीस वर्षांचा, आणि मला किहीमला क्रिकेटच्या सामन्याला जायचंय; जाळं लवकर पडलं की लवकर सुटणार. तू विचारतोस, "हाय का?" मी म्हणतो, "हाय. लय हाय." तू जाळं सोडतोस. चार वाव, पंचवीसेक फूट खाली ते कशात तरी धरलं जातं. तू सुरी घेऊन उडी मारतोस, वर येतोस, होडीची कड धरून धापा टाकतोस. "नक्की हाय ना घोल? न्हायतर जालं तोडून सोडतो." मी म्हणतो, "नक्की." तू परत खाली जातोस. वर येत नाहीस.

मी दुकानदाराला म्हटलं, डाऊन इमेजिंगवालंच द्या. आपल्या गढूळ पाण्यात चालेल का, तेवढं विचारलं. "आवाजावर चालतं ते, गढूळपणाचं त्याला काय?" धाकटा कुरकुरला, मग म्हणाला, "तू म्हनशील तसं. आयकायचं काम तुझंच." सेन्सर मी मागे बसवला, इंजिनाच्या पंख्यापासून लांब, बुडबुडे आले की चित्र फाटतं. काल तुझ्या जागेवर गेलो. आधी नुसता चिखल दिसला, मग एका रांगेत लोखंडी फासळ्या, खाऊन टाकलेल्या माशाच्या काट्यासारख्या. बुडालेला मालवाहू बार्ज. धाकट्याने इंजिन बंद केलं. मग मशीनवर त्या जागेची खूण केली, इथे जाळं कधीच टाकायचं नाही म्हणाला. एवढ्यासाठीच मी हे मशीन निवडलं होतं, बाबा. तोंडाने सांगायचं ते मशीनने सांगावं म्हणून.

पण मग त्याने चार फेऱ्या मारल्या. "दादा, हितं एक मासा न्हाय. तवा तू आयकलंस ते काय होतं?" मी म्हणालो, "तेव्हा असेल."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, बाबा.

हे मशीनच्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहितोय. पुस्तक होडीतच राहील, धाकट्याच्या हाताशी. तो ते कधी उघडणार नाही, बटणं दाबूनच शिकतो तो. मला हे ठाऊक होतं, म्हणून दुसरा कागद शोधला नाही.