मागं कोणी नव्हतं

बजाजनगर, मंगळवार, दिवेलागण

आज क्लासमधी ट्रक रिव्हर्स घेताना मधीच थांबलो. दोन ड्रमच्या मधून मागं न्यायचा होता. जागा लई होती, तरी ब्रेक दाबून बसलो. शेजारी बसलेले उस्ताद वैतागले. "काका, कोणाची वाट बघताय? मागं कोणी नाय. आरशात बघा."

त्यांना काय सांगणार? खुलताबादकडं शेतात होतो तेव्हा, लग्न झाल्यापासून, ट्रॉली मागं घेताना सुमनच मागं उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची. जागा संपली की ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर हात मारायची, बांगड्यांसकट. तो आवाज आला की थांबायचं, एवढंच मला येतं. आपल्या ट्रॅक्टरला आरसा होता का? आता आठवतबी नाय.

ती वारली, मग ट्रॅक्टर विकला आणि इथं खोली घेतली. हेवी लायसन निघालं की कंपनीच्या ट्रकवर लागतो, असं पोरीला फोनवर मोठ्या तोंडानं सांगून बसलोय. आणि इथं भर उन्हात बांगड्यांच्या आवाजासाठी ब्रेक दाबतोय. येडाच की मी.

मग आरशात बघून ट्रक मागं घेतला, ड्रमच्या मधी नेऊन थांबवला. उस्ताद खूश. "बघा, जमलं का नाय?"

व्हय, जमलं. खोलीवर येऊन भात टाकला, तरी तेच डाचतंय. फाळक्यावर हात पडला नाय, तरी मी थांबलो. आणि बरोबर जागेवर थांबलो.