पाठकोऱ्या कागदांची वाटणी

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, मुलांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या दिवंगत लेखकाची पत्नी आणि एक मुलगा व एक मुलगी यांची आई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे, कारण कलम सहा वाचल्यावर चिरंजीव नक्की म्हणतील की आईला भ्रम झाला होता. मला कोणी दटावलेले नाही. दटावणारे कोणी असते तर हे कधीच लिहून झाले असते.

यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मृत्युपत्राने हे घर व एकेचाळीस पुस्तकांचे सर्व हक्क माझ्याकडे आले. तेव्हा वाटण्याचा अधिकार माझा आहे, हे वकिलांनी तपासून दिले आहे.

१. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मागच्या खोलीचे छत टपकते. विकायचे झाल्यास गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे, रंग मारून झाकू नये.

२. बँकेतली ठेव मुलीला. मुलाला शिक्षणाच्या वेळी दिले होते, त्याची नोंद निळ्या वहीत आहे. त्यावर वाद घालू नये. कलम सहामधले पुस्तक सोडून बाकी चाळीस पुस्तके दोघांची.

३. माझे शिलाई मशीन नणंदेला. म्हणजे ते तिच्याकडेच आहे. "दोन दिवसांसाठी नेते गं वहिनी" म्हणून नेले त्याला तीस वर्षे झाली. आता तिचेच समजावे आणि माझ्या मागे तरी "वहिनीने मला काय दिलं?" हे बंद करावे.

४. देवाच्या कोनाड्यातला पितळी दिवा मुलीने न्यावा. रोज लावावा आणि लावताना देवाकडे बघावे. मी अकरा वर्षे नुसता लावते. मान वर करत नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

५. हे कलम वाटणीचे नाही. पण याच्याशिवाय सहावे कळणार नाही, म्हणून वकिलांनी "काकू, हे कशाला?" म्हटले तरी ठेवले आहे.

आमच्याकडे मुलांची पत्रे रोज येत. यजमान म्हणत, "उत्तरं देत बसलो तर लिहू कधी?" म्हणून उत्तरे मी देई, त्यांच्या नावाने, त्यांच्यासारखी सही करून. तीन मजकूर ठरलेले होते. पुस्तक आवडले म्हणणाऱ्याला पहिला, फोटो मागणाऱ्याला दुसरा. स्वतः काही लिहून पाठवणाऱ्याला तिसरा: "तुझा प्रयत्न स्तुत्य आहे. भरपूर वाच. अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नकोस."

ज्या पत्रांची पाठ कोरी असे, ती मी यजमानांच्या टेबलावर कच्च्या लिखाणासाठी ठेवी. ते पाठकोऱ्या कागदांवर लिहीत, हे पुढे फार नावाजले गेले. त्यांच्यावरच्या धड्यातही ते आले आहे आणि धड्याखाली प्रश्न आहे, "लेखकाच्या साध्या राहणीचे उदाहरण द्या." ती राहणी माझी होती. सगळे तिच्यातूनच घडले.

सदतीस वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या एका मुलीचे पत्र आले. तेवीस पाने, पेन्सिलने ओळी आखलेली, एका बाजूला लिहिलेली. तिचे वडील छत्र्या दुरुस्त करत. त्यांच्या डाव्या हाताला चारच बोटे, त्यामुळे ते बोटांवर नऊपर्यंत मोजत आणि दहाला "नऊ आणि एक" म्हणत. दुकानात कोणी न्यायला न आलेल्या एकतीस छत्र्या होत्या. गोष्टीतली मुलगी त्या एकेक करून घरोघर पोचवायला निघते. शेवटी लिहिले होते, "तीस छत्र्यांचे मालक सापडले. एकतिसावीचा कोण असावा, मला जमत नाही. कळवाल का?"

मी पूर्ण वाचले. दोनदा हसलेही. मग तिला तिसरा मजकूर पाठवला आणि पाने टेबलावर ठेवली.

पुढे आठ महिन्यांनी नव्या पुस्तकाची छपाईसाठी स्वच्छ प्रत काढताना, ते काम माझेच असे, "नऊ आणि एक" हे शब्द हाताखाली आले. मी पान उलटले. एका बाजूला यजमानांची हिरवी शाई, दुसऱ्या बाजूला तिच्या आखलेल्या ओळी.

"अहो, हे त्या मुलीचं आहे."

"कुठल्या?"

"ह्या पानाच्या पाठीवरच्या."

त्यांनी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले नाही. "पोरांना सुचतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतात गं. लिहिलं कोणी? शेवट कोणाचा? चहा टाक जरा."

मी चहा टाकला. मग बसून उरलेली नव्वद पाने उतरवून काढली. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. अक्षर नीट यावे म्हणून मी पेनाची निब बदलली, हेही मला आठवते.

ते पुस्तक म्हणजे "एकतीस छत्र्या". त्याला मानाचे बक्षीस मिळाले, त्याच्याच पैशांत घरावर मजला चढला. यजमानांनी बापाचा आजोबा केला आणि तुटलेले बोट गाळले, मोजण्याची लकब मात्र ठेवली. त्यामुळे आजोबा असे का मोजतात, हे पुस्तकात कुठेच कळत नाही. समीक्षकांनी त्यावर मोठमोठे अर्थ लावले. एकदा आमच्या मुलीनेही विचारले, "आई, ते सरळ दहा का नाही म्हणत?" मी म्हटले, "जा, अभ्यास कर." म्हणजे तिलाही तिसराच मजकूर.

अकरा वर्षांपूर्वी एक बाई दारात आल्या. साध्या, हातात पिशवी. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"लहानपणी मी सरांना एक गोष्ट पाठवली होती. नंतर पुस्तक आलं तेव्हा मी वर्गात सांगितलं, ही माझी आहे. शिक्षिकेने बाबांना बोलावून घेतलं. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यांना शिक्षिकेचंच खरं वाटलं. सगळ्या वर्गासमोर मला माफी मागायला लावली बाबांनी. आता ते अंथरुणाला खिळलेत. मला पैसे नकोत हो, भांडायलाही आले नाही. ते पत्र असलं तर एकदा द्या. त्यांच्या हातात देते, माझ्या पेन्सिलच्या ओळी ते ओळखतील, आणि परत आणते. मी खोटं बोलले नव्हते, एवढंच त्यांना कळू दे."

पाने माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, खालच्या कप्प्यात, सुतळीने बांधलेली. मी म्हटले, "असं पत्र आमच्याकडे आलेलं नाही. आलं असतं तर नोंद असती. मी सगळ्याची नोंद ठेवते."

"देवाला स्मरून सांगता?"

आतल्या खोलीत यजमानांच्या झुलत्या खुर्चीचा आवाज थांबला होता. मी मान डोलावली.

त्यांनी पाणी मागितले, प्यायल्या, पेला स्वतः विसळून ठेवला. चिठ्ठीवर पत्ता लिहिला. म्हणाल्या, "सापडलं तर कळवा. बाबा असेपर्यंत." गेल्यावर यजमान बाहेर आले. "बरं केलंस," म्हणाले आणि संसारात पहिल्यांदा माझ्यासाठी स्वतः चहा केला. मी तो प्याले.

सहा आठवड्यांनी कार्ड आले, दोन ओळींचे. "बाबा गेले. पत्र शोधण्याची आता तसदी घेऊ नये."

यजमानांना मी यात दोष देऊन मोकळी होणार नाही. गोष्ट त्यांनी घेतली. पण त्या माणसाला मरताना आपली मुलगी खोटारडी वाटली, ते माझ्यामुळे.

६. म्हणून, "एकतीस छत्र्या" या पुस्तकाचे सर्व हक्क व पुढचे सगळे उत्पन्न त्या बाईंना जावे (नाव-पत्त्याची त्यांची चिठ्ठी मागे टाचली आहे). आजवर आले त्याची भरपाई करण्याइतके माझ्याकडे नाही. प्रकाशकाने नव्या आवृत्तीवर त्यांचे नाव आधी छापावे आणि त्यांची इच्छा असेल तर छत्रीवाल्याचे बोट व बापपण त्याला परत द्यावे. तेवीस पानेही त्यांचीच. वाचनालयाने हस्तलिखित काचेच्या पेटीत ठेवायला मागितले आहे. त्यांना ही पाने देऊ नयेत. पेटीत एकच बाजू दिसते.

चिरंजीव, तू म्हणशील, "आई, बाबांचं नाव शाळेला दिलंय! लोक काय म्हणतील?" त्या मुलीला एका वर्गाने काय म्हटले ते आधी आठव, मग बोल. या सगळ्याची अंमलबजावणी मुलीने करावी. आजोबा दहा का म्हणत नाहीत, हे घरात तिलाच विचारावेसे वाटले होते.

७. <s>माझ्या मृत्यूनंतर मुलीने कपाटातली तेवीस पाने व मी लिहून ठेवलेले कार्ड त्या पत्त्यावर स्वतः नेऊन द्यावे.</s>

हे कलम मीच खोडले आहे, बाजूला सही केली आहे. लिहून झाल्यावर वाचून पाहिले तेव्हा लाज वाटली. मी गेल्यावर द्यावे म्हणजे दार उघडायला मी नसणार, एवढीच सोय त्यात होती. साक्षीला आलेल्या पोस्टमनकाकांना विचारले, टपालपेटी किती वाजता उघडतात? ते म्हणाले, "चारला, वहिनी. त्या बाईंनी घर बदललं नसेल तर परवा पोचेल." त्यामुळे सह्या झाल्या की कार्ड मी स्वतः पेटीत टाकणार आहे. मजकूर तीनपैकी कुठलाच नाही. नोंद असावी म्हणून खाली उतरवते:

"तुझे पत्र मिळाले होते. तेवीस पाने होती. सर्व माझ्याकडे आहेत. दारात मी खोटे बोलले. नेण्यास ये, मी घरीच असते. उत्तरे देणारी मीच होते, म्हणून खाली या वेळी माझी सही करते."

लिहून देणार : सही
(स्वतःची, स्वतःच्या अक्षरात)

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.
साक्षीदार १ : निवृत्त पोस्टमन, ही सर्व पत्रे या घरी आणणारे : सही
साक्षीदार २ : शेजारच्या शिवणकामवाल्या ताई : सही

स्थळ : राहते घर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन