सहाशे ओहमचा हेडफोन

अहो,

तुम्ही मागवलेला ॲम्प्लिफायर तुमची तेरवी झाल्यावर घरी आला, आणि तो मी सांगत होते तसलाच निघाला. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे. नाहीतर गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याची मला हौस नाही.

कुरियरवाल्याने दारात विचारलं, "साहेब हायत का? सही पायजे." मी म्हटलं, साहेब नाहीत, मीच करते. खोक्यात काळी पेटी, घरातल्या विजेवर चालणारी. सोबतच्या कागदावर वॅटचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो किती ओहमवरचा हे छापलेलं. सहाशे ओहमचा वेगळा. वर्षभर घसा कोरडा करून मी दुसरं काय सांगत होते?

आपल्या मुलाच्या, मंदारच्या, मित्राचा पुण्यातला स्टुडिओ बंद पडला आणि मंदारने तिथला जुना हेडफोन तुमच्यासाठी आणला, तो दिवस आठवा. तुमच्याकडची सारंगीची जुनी रेकॉर्डिंग्ज त्यावर ऐकायची म्हणून किती उतावीळ झाला होतात तुम्ही! मोबाइलला लावला, तर सारंगी शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखी. तुमचा चेहरा पडला.

मी कानावरची वाटी उलटी करून वाचली. म्हटलं, हा सहाशे ओहमचा आहे, मोबाइलला पेलणार नाही. ओहम म्हणजे अडथळा. अडथळा मोठा तर दाब मोठा हवा, म्हणजे व्होल्ट जास्त हवेत. पाटबंधारे खात्यात उभी हयात नोकरी केलेल्या माणसाला, उंचावर पाणी चढवायला दाब लागतो हे समजावून सांगावं लागतं का?

तुम्ही म्हणालात, "तुले काय समजते त्यातलं? भास्करले इचारतो."

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, तुम्ही बी.ए. पण फ्यूज उडाला की तेवढी मी आठवायची. "पाह्य बरं, सायन्सवाली!" फ्यूजची तार बांधून झाली की माझी पदवी पुन्हा माळ्यावर.

भास्करभाऊंचं दुसरबीडला मंडप आणि साउंडचं दुकान. माणूस वाईट नाही. पण लग्नाच्या वरातीला आवाज पुरवणाऱ्याला एकच उपाय ठाऊक, वॅट वाढवा. त्यांनी आवाज वाढवणारी, सेलवर चालणारी डबी दिली. खोक्यावर वॅटचा आकडा ठळक, आणि खाली बारीक अक्षरात बत्तीस ओहम. मी बोट ठेवून दाखवलं की हा आकडा बत्तीसवरचा आहे, तुमच्या सहाशेवर याचा विसावा हिस्सासुद्धा धड मिळेल की नाही. तुम्ही चष्मा काढून बाजूला ठेवलात. वाचायचंच नव्हतं! आवाज वाढवायला गेलात तर सारंगी फाटायला लागली.

मग आला मंडपाचा मोठा ॲम्प्लिफायर. त्याच्या स्पीकरच्या तारांना पिन डकवून हेडफोन जोडलात. चालू करताच कानात धाडकन दणका, आणि पुढे सारंगीच्या मागे सतत स्टोव्ह पेटल्यासारखा सूं आवाज. ही पेटी मैदानासाठी आहे, कानासाठी नाही, हे मी म्हटलं तर उत्तर काय? "काऊन डोकं खाऊन राह्यली माह्यं?"

इथवरही मी सोडून दिलं असतं. पण त्यापुढे तुम्ही जे केलंत ते मला आजही सहन होत नाही. भास्करभाऊ गमतीत म्हणाले, "दादा, मशीन चोख हाय. तुमचे कानच गेले असतीन." आणि ते तुम्ही खरं धरलंत! बुलढाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानाने कान चांगले आहेत. तुम्ही त्यांनाही खोटं पाडलंत. लोकांत जाणं सोडलंत. जानेफळला सख्ख्या पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेर खुर्ची टाकून एकटे बसलात. कोणी बोलायला आलं तर कानाकडे बोट दाखवून हात हलवायचा. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि तुम्हालाही येत होतं.

कान गेले हे मानायला तयार, बायको बरोबर आहे हे मानायला नाही. असा कसा हो तुमचा हिशोब?

आज भास्करभाऊंना त्यांचं सामान न्यायला बोलावलं. टेबलावरची नवी पेटी बघून ते म्हणाले, "आला काय? दादानं माह्या दुकानातूनच ऑर्डर केला होता."

"कधी?"

"जायच्या आठएक दिवस आंधी. म्हणले, भास्कर, तुहे डबे सारे फालतू हायत बे. बाई म्हणते तेच बरोबर हाय, ते आकडे पाह्यले म्या. पण तिले सांगू नको, डोक्यावर बसन."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी बिचकत पुन्हा सांगितलं.

"तिथे आणखी कोण होतं?"

"होते चार-पाच जन. चहा पेत बसले होते. हासले सारे."

म्हणजे दुसरबीडच्या रस्त्यावर चहा पिणाऱ्यांना कळलं. भास्करभाऊंना कळलं. या घरात, तुमच्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला तेवढं कळू द्यायचं नव्हतं. आणि मी डोक्यावर बसले असते तर काय झालं असतं? चार दिवस टोमणे मारले असते. ते तुम्हाला जड झाले असते का? पहिल्याच दिवशी मानलं असतं, तर त्या बदल्यात वर्षभर सारंगी ऐकली असती, पुतणीच्या मंगलाष्टकांना मांडवात उभे राहिला असतात!

भास्करभाऊ म्हणाले, "वहिनी, मनातून लय मानत होते तुमाले." मी म्हटलं, भाऊ, मनातलं मला ऐकू येत नाही.

ते बाहेर सामान बांधत होते तेव्हा मी नवी पेटी जोडून हेडफोन कानाला लावला. सारंगीतलं मला काही कळत नाही. पण धनुकलीची तारेवरची खरखर आली, वाजवणाऱ्याने मधेच घेतलेला श्वास आला. मागे अजिबात सूं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मी बरोबर होते. मग तुमची रिकामी खुर्ची दिसली आणि असा संताप आला, की हेडफोन काढून ठेवावा लागला.

आता माझा शब्द ऐका. वर्षश्राद्धाला कोणीतरी म्हणणारच, दादा वहिनींच्या शब्दाबाहेर नव्हते. मी मान हलवणार नाही. झालं तसं सांगेन, तुमच्या भावांसमोर, भास्करभाऊंना शेजारी बसवून. आणि सारंगी ऐकायला शिकेन. तुमच्यासाठी नाही.

शालिनी

भास्करभाऊंच्या हाती आज दिलं: सेलवरची डबी, तिच्या वायरसह. मंडपाचा ॲम्प्लिफायर, डकवलेल्या पिनसह. हेडफोनही मागत होते, मोबाइलला लावायला. दिला नाही.