परतणाऱ्यांचा दिवा

३ फेब्रुवारी १९९८
लग्नानंतर दोन वर्षांनी एकदाची दुबईला आले आणि आठवड्यात जबल अलीच्या गोदामात नोकरीही लागली. सिद्धार्थ म्हणतो, “सुरू, हा तुझा पायगुण.” सुरू म्हणणारा तो एकटाच. तो स्वतः समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या सप्लाय बोटीवर, आठ दिवस समुद्रात नि चार दिवस अल मनखूलच्या घरी. आमच्या गोदामात चक्क एक देऊळ आहे, चीनमधल्या कोळ्यांच्या गावातलं, तीनशे वर्षांचं. कुणा शेठनं रेस्तराँच्या सजावटीसाठी आणलंय. त्याच्या एकेका लाकडाची यादी करणं हे माझं काम. त्याच गावचे म्हातारे सुतार, लिनबाबा, देवळासोबत आलेत.

५ फेब्रुवारी
आज गाभारा उभा राहिला. देवी आमच्या भगवतीसारखीच लालेलाल, पण पुढचा पितळी दिवा विझलेला. मला पटेना. लिनबाबांनी इथल्या मजुरांकडून उचललेल्या मोडक्या हिंदीत समजावलं, की हा दिवा समुद्रातल्या माणसाला घरी आणतो, पण एकाच रात्रीपुरता लावायचा. पहिल्या रात्री जिवंत परततात, नंतर बुडालेले. मी हसले. आमच्याकडची म्हातारी माणसंही असंच घाबरवतात.

८ फेब्रुवारी
शमाल, इथला वायव्येचा वादळी वारा, सुटलाय. सिद्धार्थच्या बोटीचा वायरलेस कालपासून बंद. त्याच्या कंपनीतले जगन्नाथ म्हणाले, वहिनी, टेन्शन घेऊ नका, इन्शाल्ला होईल कॉन्टॅक्ट. गोदामातून निघताना देवीची ओटी भरली, दिवा लावला. त्याला आण, एवढंच मागितलं.

९ फेब्रुवारी
बोट सापडली, उलटी. माणसं नाहीत.
लिनबाबा दिवा विझवायला आले. मी त्यांचा हात धरला. सिद्धार्थ आल्याशिवाय विझवायचा नाही.

१० फेब्रुवारी
गोदामाच्या फरशीवर ओली पावलं. दारापासून देवीपर्यंत. परत जाणारं एकही नाही. लिनबाबा कामावर आले नाहीत. मी तेल घातलं.

१२ फेब्रुवारी
खूप पावलं. आज ती बाहेरही. कंपनीची बस थांबते तिथपर्यंत, मी चढते त्या दारापर्यंत—
तरी तेल घातलं. देवी, मला माफ कर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
सिद्धार्थ आला. सकाळी दारात उभा, नखशिखांत भिजलेला. रडून रडून माझा घसा बसला. तो दुसरं काही बोलत नाही, नुसता टॉवेल मागतो. तीन दिले. पाणी थांबत नाही—

दुपारी
जगन्नाथांचा फोन. सिद्धार्थ ओमानमधल्या खसबच्या हॉस्पिटलमध्ये आहे. आठ तारखेच्याच रात्री मच्छीमारांनी उचललं, शुद्ध आज आली. मी स्वतः बोलले त्याच्याशी. ‘सुरू’ म्हणाला मला. तोच. तोच आहे तो.
मग बाहेरच्या खोलीत—
दिवा विझवायला हवा. आज सुट्टी, गोदामाला कुलूप. मी स्वयंपाकघरात. जायची वाट त्याच्याच समोरून.
चौथा टॉवेल मागतोय. आवाज एकाचा नाही—
आता ‘सुरू’ म्हणाले. सगळे एकदम. दाराखालून पाणी