लांब बाह्यांचे काका

४ एप्रिल
निघालो एकदाचे! ह्यांनी दुकानाचं शटर ओढलं – रंगवायच्या पाट्या तशाच आत. मी शिवणयंत्रावर चादर टाकली. गिऱ्हाइकं बोंबलतील. बोंबलू देत! डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या, "काय दाखवायचं ते आत्ता दाखवून घ्या." थोरली आणि पिटुकली, दोघींची नजर हळूहळू जाणार. मधला सुटला. त्याचे डोळे स्वच्छ, बाईंनी दोनदा तपासले. त्या एका वाक्यावर मी जगते आहे.

५ एप्रिल
समुद्र. थोरली मान तिरकी करून बघत होती – सरळ पाहिलं की मधोमध भोक पडतं म्हणते. हे ओरडले, "ती बघ, बोट!" तर पिटुकलीने भलतीकडेच हात हलवून टाटा केला. हसावं की रडावं!

७ एप्रिल
लॉजच्या खोलीत कोपऱ्यात एक खुर्ची. तिच्यावर ओला टॉवेल टाकायला गेले, तर पिटुकली किंचाळली, "काकांच्या अंगावर नको!"
कोणते काका?
"हे काय, बसलेत ना."
मी हसण्यावारी नेलं. टॉवेल मात्र दारावर वाळत घातला.

८ एप्रिल
दुसरं गाव, दुसरी खोली. इथेही आहेत म्हणे! आणि आज थोरलीही तेच म्हणाली. दोघींना वेगवेगळं गाठलं आणि विचारलं कपड्यांबद्दल – शिवणकाम करणारी बाई आणखी काय विचारणार? तपकिरी कोट. बाह्या इतक्या लांब की बोटं दिसत नाहीत. दोघींचं वर्णन तंतोतंत एक. 
"बोलतात का गं?"
"नाही. नुसते बघतात."
"मग भीती नाही वाटत?"
थोरली म्हणाली, "आई, त्यांचं तोंड मला अगदी स्वच्छ दिसतं. तुझं नाही दिसत."
मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

९ एप्रिल
डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जराही दचकल्या नाहीत. नजर कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत आपल्या मनाने चित्रं भरतो म्हणे. वेड नाही, भूत नाही. मी म्हटलं, अहो, पण दोघींना एकच माणूस? "बहिणी आहेत. कुजबुजत असणार, एकीचं दुसरी उचलते." ज्यांची नजर चांगली आहे, त्यांना असं काही दिसत नाही, हेही सांगितलं.
जीव भांड्यात पडला. हे म्हणाले, "फुकट फिरतायत, निदान गाडी ढकलायला तरी उतरा म्हणावं काकांना!" पोरी खो खो हसल्या. मधला हसला नाही. हल्ली फार गप्प असतो.

११ एप्रिल
थोरलीला डोंगर दाखवला. "दाखवलास ना? झालं!" म्हणाली. किती तोडून बोलावं! मी चिडले, मग स्वतःवरच चिडले.
उतरताना मधल्याने दोन्ही बहिणींना दोन हातांना धरून पायऱ्या उतरवल्या. कुठे खड्डा, कुठे दगड, सगळं सांगत. आमच्यामागे ह्या दोघींना तोच. तो आहे म्हणून तर मला झोप लागते.

१२ एप्रिल
आज गाडीत पोरी मधल्या सीटवर झोपल्या होत्या. मधला मागे एकटाच, तरी अंग चोरून खिडकीला चिकटलेला. म्हटलं, "अरे, ऐसपैस बस की!"
तो हळूच म्हणाला, "कसा बसू? त्यांची बाही माझ्या मांडीवर येते."
"कधीपासून रे?"
"घर सोडलं तेव्हापासून. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."
ह्यांनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. त्याच्या शेजारची सीट रिकामी.
देवा, भूत असू दे. तिथे खरंच कुणीतरी बसलेलं असू दे.