प्रेशरच्या डबीतलं पेपरमिट

अहो,

मी पहिल्या बसने इस्पितळात केमोला जाते. सोबत सुलोचना वहिनी आहे, तेव्हा तुम्ही ट्रकाचा दिवस बुडवू नका. पोदेर आला की पाव घ्या, कालची उसळ आहे.

काल माझी फाईल शोधताना तुमच्या प्रेशरच्या गोळ्यांची डबी सांडली. गोळा करताना वास आला. पेपरमिट! गणेशचवथीपासून रोज माझ्यासमोर पाण्याबरोबर जी गोळी गिळत होता, ती हीच ना? माझ्या औषधांना पैसे उरावेत म्हणून? भांडायलासुद्धा माझ्यात त्राण नाही.

आजच्या टॅक्सीसाठी ठेवलेल्या पैशांतून तुमच्या महिनाभराच्या गोळ्या मागवल्या. देवापुढे ठेवल्यात. तिथेच उभे राहून एक घ्या.

पेपरमिटं मी नेली आहेत. बसमध्ये मला मळमळतं.

सुमंगला